वाचलेलं करायचं न्हाई

अन्याय झाला तो माझ्या काकीवर. कधी झाला तेही सांगते: गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारी वाचनालय उघडल्या उघडल्या. पत्रक लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता. कुणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत सांगून टाकायचं, नाहीतर वाचणारा दुसऱ्या ओळीपर्यंत येत नाही आणि त्या कागदात भजी बांधतो. ती सवय गेली नाही. पण हे पत्रक नाही. पत्रकं मी खूप लिहिली. बसच्या फेऱ्यांवर लिहिली, वसतिगृहातल्या पाण्यावर लिहिली, वारंगा फाट्यावर उभं राहून जीपमध्ये बसलेल्या माणसांच्या हातात कोंबली. आता खरंच कंटाळा आलाय. जे झालं ते नुसतं लिहून ठेवते.

आमच्या गावात दोन खोल्यांचं वाचनालय आहे. पुढच्या खोलीत पेपर आणि पुरुष, आतल्या खोलीत कपाटं. अध्यक्ष आहेत निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं. काकी दर बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजीच्या खाली पुस्तक घालून तिथं जायची आणि शेवटच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यासमोर उकिडवी बसायची. त्या कप्प्यात खाण्याची पुस्तकं होती. पाककृतींची, दिवाळी अंकांतले पदार्थ कापून बांधलेली, आणि त्यांना खेटून त्या कादंबऱ्या, ज्यांत कुणीतरी बेकरी चालवतं, कुणीतरी खानावळ, आणि प्रकरण संपलं की खाली कृती दिलेली असते. गुरुजींच्या लेखी हे सगळं एकच.

करीला काकी गेली तर कप्पा भरलेला होता, पण स्पर्धा परीक्षेच्या गाइडांनी.

"वहिनी, ते खालचं सामान काढलं आमी," गुरुजी पेपरातून वर न बघता म्हणाले. "पोरांना परीक्षेची पुस्तकं ठेवायला जागा न्हाई."

"कुठं ठेवलं?"

"मागं, खुर्च्यांच्या खोलीत. पोत्यात हाय बांधून. रद्दीवाला आला की बघू." आणि मग माणुसकी म्हणून पुढं म्हणाले, "ते काय साहित्य न्हाई, वहिनी. आन तुमाला काय कमी हाय? सैपाक तर येतोच की तुमाला."

काकीनं परत करायला नेलेलं पुस्तक तसंच पिशवीत घातलं आणि घरी आली. कुणी मागितलंही नाही ते. मला म्हणाली, "माय, आपलं सामान पोत्यात गेलं." एवढंच. मग कणीक मळायला बसली.

आता माणसांना वाटतं, एवढ्याशा गोष्टीला अन्याय काय म्हणायचं. मी या प्रश्नाला उत्तरं देऊन देऊन थकले आहे, तरी आणखी एकदा देते. त्यासाठी काकी कशी वाचते ते सांगावं लागेल.

काकी पाककृती गोष्टीसारखी वाचते. वर दिलेली साहित्याची यादी म्हणजे गोष्टीतली माणसं. ती कोण कधी येतं यावर डोळा ठेवून असते. "आता बघ, कोथिंबीर यादीत हाय, पण अजून आलीच न्हाई. कढई उतरायला आली तरी पत्ता न्हाई." मग शेवटच्या ओळीत कोथिंबीर आली की ती पुस्तक मांडीवर पालथं घालून सुस्कारा सोडते. "रात्रभर मुरत ठेवा" असं वाक्य आलं की तिथंच थांबते, पुढचं दुसऱ्या दिवशी. मी एकदा म्हटलं, अगं, पुढची ओळ लगेच खाली आहे. तर म्हणाली, "मुरू तर दे."

हे वाचन ती एकटी करत नव्हती. उन्हाळ्यात वाळवणाचे दिवस आले की आमच्या स्लॅबवर गल्लीतल्या बायका जमतात. जुन्या साड्या अंथरायच्या, कुरडयांचा चीक सकाळीच शिजवून घ्यायचा, ऊन चढायच्या आत सोऱ्या मोकळा करायचा, आणि मग पापड. हात गुंतलेले, कान मोकळे. तेव्हा काकी वाचायची. आमच्याकडं रीतच पडली होती की जी वाचेल तिनं लाटायचं नाही, तिच्या वाटणीचे पापड बाकीच्या लाटतील. दुसरी रीत म्हणजे घरात रोज होतं ते वाचायचं नाही. समोरच्या घरातल्या आत्याबाई, ज्यांची जीभ सगळ्या गल्लीत तिखट, त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, "पिठल्याचं पान काढलं तर मी सोऱ्या घिऊन घरला जाईन."

तिसरी रीत सगळ्यात कडक. वाचलेलं करायचं न्हाई.

ही रीत अनुभवातून आली होती. गल्लीतल्या एका सुनेनं पूर्वी हौसेनं पुस्तकात बघून दुधाचा, पावाचा काहीतरी थरांचा पदार्थ केला. छान झाला. तिथून पुढं घरी कुणीही पाहुणा आला की सासरा म्हणायचा, ते थरांचं करा. ऊस तोडायचा हंगाम असो, पोरगं तापानं फणफणलेलं असो, थरांचं करा. आत्याबाईंनी निकाल दिला, "केलं की ते कामात जमा झालं. त्यापरीस नुसतं ऐकावं. पोट भरत न्हाई, पण भांडी तरी पडत न्हाईत."

भांडी पडत नाहीत. मला या पुस्तकांच्या ओढीबद्दल इतकं सरळ कुणी सांगितलेलं नाही. लोक समजतात की बाई खाण्याचं पुस्तक वाचते म्हणजे शिकते. ज्या बाईच्या हातातून सकाळ-संध्याकाळ भाकऱ्यांची चवड उतरते, तिला काय शिकायचंय? तिला दुसऱ्या कुणीतरी केलेलं आयतं पाहिजे असतं. पुस्तकातलं अन्न आयतं असतं. त्यातला कांदा दुसऱ्याच कुणीतरी चिरतं, गॅस दुसऱ्याच कुणाचा जळतो, आणि मीठ कमी पडलं तर त्याचं बोलणं आपल्याला बसत नाही.

मोबाइलवर सगळं दिसतं की, असंही म्हणतात. काकीला मी दाखवलं होतं. दोन-तीन बघितले आणि फोन मला परत दिला. "ती बाई लई बोलती. आन थांबतच न्हाई. आपल्याला चव घ्यायला वेळच देत न्हाई."

एका वाळवणात काकीनं कोकणातल्या पदार्थांचं पुस्तक आणलं होतं. त्यात तांदळाच्या पिठाच्या पातोळ्या होत्या. पानाला पीठ फासायचं, खोबरं-गुळाचं सारण घालून पान मिटायचं आणि वाफवायचं. काकीनं वाचलं, "हळदीचं पान मिळाल्यास घ्यावं, न मिळाल्यास केळीचं."

स्लॅबवरची सगळी लाटणी एकदम थांबली.

"काय मिळाल्यास?" आत्याबाईंनी विचारलं.

"हळदीचं पान."

"मिळाल्यास?"

मग ज्या हसायला लागल्या त्या थांबेनात. आमच्या चहूबाजूंनी हळद आहे. खाली गड्डा, वर पान, आणि पान आम्ही बांधावर कापून टाकतो, काढणीच्या वेळी ते पायात येतं. आमच्यातल्या कुणीच, कधीच ते पान चुलीजवळ नेलं नव्हतं. "आन तिकडं लोक मिळाल्यास म्हणून राहिले," एक जण डोळे पुसत म्हणाली. "त्याईला म्हणा ट्रॅक्टर पाठवा." त्या दिवसभर कुणी काही मागितलं की बाकीच्या म्हणायच्या, मिळाल्यास. पाणी दे, मिळाल्यास. चहा ठेव, मिळाल्यास.

पण त्या हसण्यात आणखी काहीतरी होतं. संध्याकाळी काकी एकटीच बांधाकडं बघत होती. "एवढी वर्सं हळद लावून राहिलो आपण," ती म्हणाली, "आन ते पान खाण्याच्या कामाचं हाय हे कुणी सांगितलं न्हाई बघ." तिनं ते करून बघायचं म्हटलं नाही. तिला फक्त ते कळलं, आणि ते कळणं पुरेसं होतं.

कादंबऱ्यांचं वेगळंच. एक अनुवादित होती, थंड डोंगराळ गावातली बेकरीवाली आणि खुनाचा तपास. काकीनं खून झाला ते पान उलटलं आणि विचारलं, "मेला तो काय खाता खाता मेला?" जर्दाळूचा मुरांबा होता. मग ती मुरांब्याच्या पानावर गेली आणि खुनी कोण हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. दुसरीत एक खानावळवाली होती आणि तिच्याकडं जेवायला येणारा कारकून. तिनं त्याला चारशे पानं रोज नवं काहीतरी वाढलं आणि शेवटी लग्न. यावर स्लॅबवर भांडण झालं होतं.

"लई प्रेम व्हतं त्याचं," कुणीतरी म्हणालं.

"कशाचं प्रेम? एवढं खाऊ घातल्यावर बैलसुदिक मागं मागं येतो," आत्याबाई म्हणाल्या. "त्यानं तिला एक डाव तरी वाढलं का, ते बघ पुस्तकात."

काकीनं पानं चाळली. नव्हतं वाढलं. लेखकाच्या नावानं त्या दिवशी बरंच काही बोलून झालं. याला वाचन म्हणत नसतील तर मला माहीत नाही कशाला म्हणतात.

म्हणून मी गुरुजींकडं गेले. आधी नीट बोलले, मग कागदावर लिहून दिलं. मी लिहिलं होतं की गडकिल्ल्यांची पुस्तकं नेणाऱ्याला तुम्ही कधी विचारत नाही, तू कुठला गड घेतलास. राजकारणाची जाडजूड चरित्रं कपाटात काचेआड आहेत, त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, त्यांना कुणी पोत्यात घालत नाही. मग बायकांच्या पुस्तकालाच उपयोगाचा दाखला कशाला लागतो? गुरुजींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि म्हणाले, "पोरी, तू लिहितीस चांगलं. त्या परीक्षेला काहून बसत न्हाईस?"

मग म्हणाले, वार्षिक सभा येऊन राहिली, पितृपंधरवडा लागायच्या आत घेऊ. वहिनींनी त्या पुस्तकातलं एक काहीतरी करून आणावं. सभासदांना उपयोग दिसला तर ठेवू की परत, आपलं काय जातंय.

काकीला हा निरोप मीच दिला. मी तिला म्हटलं, करू नकोस. गल्लीत चर्चा झाली. बहुतेकींचं म्हणणं पडलं की एकदा केलं तर काय बिघडतं, पुस्तकं तर येतील. आत्याबाई एकट्याच विरोधात होत्या. "आपली रीत हाय," त्या म्हणाल्या.

"रीत आपणच पाडली ना आत्याबाई," काकी म्हणाली. "पुस्तकंच न्हाई राहिली तर रीत कशाची पाळायची?"

पातोळ्याच करायच्या ठरल्या, कारण करीच्या दिवशी परत करायचं राहिलेलं पुस्तक तेच, कोकणातलं, पुन्हा आणलेलं होतं. हळद तेव्हा कमरेपर्यंत होती. काकीनं कोवळी पानं निवडून आणली, धुतली, इडलीच्या भांड्यात चाळणी बसवली. पहिली वाफ सुटली तेव्हा घरभर जो वास आला तो मला सांगता येत नाही. शेताचा वास, पण गोड झालेला. काका बाहेरच्या खोलीतून उठून आत आले आणि विचारलं, काय करून राहिली? लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी हे विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. काकीच्या तोंडावर तेव्हा एकदाच आनंद दिसला, तोही थोडाच वेळ, कारण मग दुसरा घाणा लावायचा होता, मग तिसरा, सभेची माणसं बरीच होती. सकाळपासून उभी होती ती. त्या दिवशी तिनं एक ओळ वाचली असेल तर ती फक्त प्रमाण बघायला.

सभा पुढच्या खोलीत झाली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही दारात. काकीनं ताटल्या फिरवल्या. गुरुजींनी पातोळी उचलली आणि पानासकट चावली. आमच्याकडं अळूची वडी पानासकट खातात, विड्याचं पान पानासकट खातात, त्यामुळं त्यांना शंकाही आली नाही. हळदीचं पान चिवट असतं. ते चघळत राहिले, चघळत राहिले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही पानासकट तोंडात घातली. खोलीभर नुसते जबडे हलून राहिले होते. आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी काकीला हळूच म्हटलं, सांग त्यांना. ती म्हणाली, "खाऊ दे. उपयोग बघायचा होता ना त्याईला."

शेवटी कुणीतरी पान उलगडलं आणि मग सगळ्यांना ती आवडली. खरंच आवडली. ताटल्या रिकाम्या झाल्या, काहींनी घरी बांधून मागितल्या. गुरुजी उभे राहिले. ते म्हणाले, वहिनींनी वाचनालयाचं नाव राखलं, आपल्याच मातीतल्या पानाचं मोल दाखवून दिलं. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, आता हा पदार्थ वहिनींना येतोच आहे, त्या गल्लीतल्या बायकांना शिकवतील, बचत गटाचा स्टॉल लागेल. म्हणजे पुस्तकाचं काम पूर्ण झालं. तेव्हा ती जागा परीक्षेच्या पुस्तकांनाच ठेवावी असं मला वाटतं. मान्य असणाऱ्यांनी हात वर करा.

मी दारातून म्हटलं, थांबा, जिची पुस्तकं तिला विचारा. काकीनं विरोधाचा हात आधीच वर केला होता, विरोधाची मतं घेईपर्यंत तो खाली न घ्यायच्या बेतानं, कोपरात वाकलेला. वाचनालयाच्या लिपिकानं सभासदांच्या वहीत बघितलं आणि अवघडून म्हणाला, "ताई, यांचं सभासदत्व भाऊंच्या, म्हणजे तुमच्या काकांच्या नावावर हाय. सभासद ह्या न्हाईत."

काका खोलीतच होते. त्यांनी ताटलीकडं बघितलं, काकीकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं. गुरुजी आणि ते एका वर्गात होते. काकांचा हात वर गेला, मान्य असणाऱ्यांत. मी त्यांना त्याबद्दल नंतर खूप बोलले. ते म्हणाले, "अगं, सगळे खूश व्हते. मला वाटलं तिचा मानच झाला." मला वाटतं ते खरं बोलत होते. म्हणूनच मला जास्त थकवा येतो. शत्रू समोर असता तर पत्रक लिहिता आलं असतं.

त्याला आता वर्ष होत आलं. पोतं अजून खुर्च्यांच्या खोलीत आहे, रद्दीवाला आलेला नाही. स्पर्धा परीक्षेची गाइडं त्या कप्प्यात आहेत, आणि ती नेणारी पोरं माझ्याच वयाची आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पातोळ्या मात्र चालू आहेत. पाहुणे आले, पातोळ्या. तहसीलचे साहेब आले, पातोळ्या. गुरुजींच्या घरचं बारसं, वहिनींना सांगा. यंदाच्या वाळवणात बायका स्लॅबवर जमल्या, पण कुणी वाचलं नाही. मी काकीला हिंगोलीहून एक पुस्तक आणून दिलं होतं, चित्रांचं, दूरदेशीच्या मिठायांचं. तिनं ते उघडलं, दोन पानं बघितली आणि मिटलं.

"काहून?" मी विचारलं.

"वाचाया लागलं की वाटतं, हे बी करावं लागंल," ती म्हणाली. आणि पापड लाटायला बसली, सगळ्यांच्या बरोबरीनं.

हा आहे अन्याय. पुस्तकं पोत्यात गेली ती परत काढता येतील. एका बाईला फुकटचं, बिनकामाचं एक सुख होतं, त्याला सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवत कामाला लावलं.

यंदाची सभा पितृपंधरवडा लागायच्या आत होणार आहे. पोतं सोडायचं का, हा विषय मी लेखी दिला आहे. मत सभासदाला असतं आणि आमच्या गावात, बहुधा तुमच्याही गावात, वाचणारी एक आणि सभासद दुसराच असतो. तेव्हा तुम्ही, जे हे वाचत आहात, उद्या वाचनालय उघडलं की जा आणि तुमच्या घरातल्या बाईचं सभासदत्व तिच्या स्वतःच्या नावानं करा. तिला सोबत घेऊन जा, सही तिची घ्या. ती कुठलं पुस्तक उचलते ते बघू नका, आणि घरी आल्यावर निदान त्या एका संध्याकाळी कुकर तुम्ही लावा.